उजेडात बघायचा कोट

सोमवार

चि. सौ. ठिणगी हिस,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे सुखरूप आहोत. तुम्ही तिघंही तसेच असाल असं धरून चालते.

तू रविवारी मास्तरांना आणि पोरीला घेऊन येते आहेस, हे दादाकडून कळलं. फार बरं झालं. तीन वर्षं काही थोडी नव्हेत. झालं गेलं विसरायला दादा तयार आहे आणि त्याच्याइतक्या मोठ्या मनाचा माणूस या बाजारात दुसरा नाही, हे तुला सांगायला नको. आपला मोठा बाजार एका दिवसात बघून होत नाही, म्हणून काय काय करायचं ते सविस्तर लिहिते.

सकाळी लवकर या. दुकानं उघडताना बाजार बघावा. शटरं एकामागून एक वर जातात, नोकर पायऱ्या धुतात आणि पहिलं गिऱ्हाईक हात हलवत जाऊ नये म्हणून दुकानदार जरा नरम असतात. घासाघीस करायची ती तेव्हाच, नंतर कुणी विचारत नाही. आधी बटणांच्या गल्लीत जा. गल्लीभर फक्त बटणं. शिंपल्याची, शिंगाची, लाकडाची, काचेची. तू पोरीचं नाव बटण ठेवलंस म्हणे! तिला सांग, ही सगळी गल्ली तुझीच. मूठभर बटणं खिशात टाकली तरी तिथली म्हातारी काही बोलत नाही.

मग आरशांचं दुकान. एका आरशात माणूस पिंपाएवढा दिसतो, एकात काठीएवढा. मी काठीच्या आरशात बघते तेव्हा काहीच फरक पडत नाही. अत्तरांच्या दुकानात कुणी मनगटावर थेंब लावायला आलं तर लावून घे, पण तिसऱ्या थेंबाला 'पुरे' म्हण, नाहीतर दिवसभर डोकं दुखतं. दुपारी कारंज्याच्या कठड्यावर बसा. तिथून मोठं घड्याळ दिसतं, तासाला त्यातून पितळी पक्षी बाहेर येऊन माना हलवतात. एका पक्ष्याची मान तुटलेली आहे, ती बटणला दाखव.

रस्त्यावरचे दिवे लागायच्या जरा आधी आपल्या दुकानात या. मी सजवते ती दर्शनी काच तेव्हा बघण्यासारखी असते, नवे पुतळे आले आहेत. दादाने मास्तरांसाठी कोट शिवून घेतला आहे. गडद निळा. त्याच ताग्यातला एक त्याने स्वतःलाही शिवला. मेव्हण्या-मेव्हण्यांचे सारखे. मात्र दुकानातल्या दिव्यांखाली निळा आणि काळा सारखेच दिसतात, तेव्हा मास्तरांनी कोट अंगात घालून दारापुढे जाऊन उजेडात रंग बघावा. तोवर तू बटणला घेऊन समोरच्या खेळण्यांच्या दुकानात जा. चार मजले आहेत, सरकता जिना आहे, छताखालून आगगाडी फिरते. पुरुषांच्या मापात बायकांनी लुडबुड करू नये.

दादा तुझी वाट बघतो आहे.

तुझी ज्येष्ठ भगिनी


मंगळवार

ठिणगे,

कालच्या पत्रातली बटणांची गल्ली खरी, आरसे खरे, तुटक्या मानेचा पक्षीही खरा. बाकीचं दादाने सांगितलं आणि मी लिहिलं. माझ्या खुर्चीमागे उभा होता. 'ज्येष्ठ भगिनी' वाचून तुझ्या डोक्यात काहीतरी वाजलं असेल अशी आशा आहे. मी जन्मात कधी तुला अशी सही केली आहे का?

येऊ नकोस. एवढं एकच वाक्य वाचून पत्र चुलीत टाकलंस तरी चालेल. पण तू ठिणगी. 'का' विचारल्याशिवाय तू आजवर जेवायलाही बसली नाहीस, म्हणून पुढचं लिहिते.

तुला बाजाराची आकड्याची पद्धत आठवते का? तू दुकानात कधी बसली नाहीस, पण मास्तरांना विचार, ते दहा वर्षं इथे कापड बेतत होते. शटर ओढायची लांब लोखंडी काठी असते ना, टोकाला वाकडा आकडा असलेली. चोर दिसला की दुकानदार त्या काठीने शटरवर तीन ठोके देतो. ठोके ऐकले की सगळा रस्ता शटरं कमरेपर्यंत खाली घेतो आणि आपापला आकडा घेऊन बाहेर येतो. पहिला जो पोचेल त्याने चोराच्या कॉलरमध्ये आकडा अडकवून त्याला उताणा पाडायचा. मग विचारायचं काही नसतं. हातात आकडा तो दुकानदार, कॉलरमध्ये आकडा तो चोर. आणि कपड्यावर किमतीची चिठ्ठी लोंबत असली की झालंच. चेहरा कुणी बघत नाही.

मागच्या महिन्यात एक माणूस असाच गेला. पलीकडच्या एका दुकानात शर्ट घालून बघत होता. रंग नीट कळेना म्हणून उजेडात बघायला बाहेर आला. सगळेच येतात, दुकानदारच पाठवतात. नव्या नोकराला ते ठाऊक नव्हतं, त्याने ठोके दिले. ठिणगे, मी काचेत पुतळ्याला रुमाल बांधत होते. माझ्यापासून हातभर अंतरावर त्याला मारलं. तो ओरडत होता, 'रंग बघतोय, रंग बघतोय.' त्याची दाढ माझ्या काचेवर येऊन आपटली. पोलीस आले, त्यांनी कुणी मारलं विचारलं. सगळे म्हणाले, बाजाराने. बाजाराला काय बेड्या घालणार? काच मी ओल्या कागदाने पुसली आणि दुपारनंतर धंदा सुरू झाला.

त्या रात्री दादा जेवताना म्हणाला, "बाजाराला हात आहेत मने, पण बोटांचे ठसे नाहीत." मला वाटलं, हळहळतो आहे. आता कळलं, तो हिशेब करत होता.

मास्तरांचा कोट मीच पुरा केला. दादा म्हणाला, कॉलरच्या मागे चिठ्ठी बांध. मी म्हटलं, "भेट द्यायच्या कोटाला चिठ्ठी कशाला?" तर म्हणाला, "बाजाराला कळायला नको माल कुणाचा आहे ते?" आणि हसला. मग म्हणाला, "माझाच नोकर माझी बहीण घेऊन गेला. तीन वर्षं हा रस्ता माझ्यावर हसतोय. आता त्याच रस्त्याने त्याचा निकाल लावू दे. माझा हातसुद्धा लागायचा नाही."

ज्याने मास्तरांचा उजवा अंगठा टेबलाच्या खणात घालून खण गुडघ्याने बंद केला होता, तो हाच दादा. मास्तरांचा तो अंगठा आता कात्रीत जातो का गं? मी विचारायचीच राहिले.

पोलिसांत जा म्हणशील. चौकीतल्या साहेबांचे कपडे आपल्याकडेच शिवतात आणि ते दादाच्या गादीवर बसून चहा पितात. फोन दादाच्या खिशात असतो. हे पत्र शेजारचे छत्रीवाले काका टाकतील. उत्तर पाठवायचंच असेल तर काकांच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठव. आपल्या नव्हे. त्यांना चाळिशीशिवाय स्वतःचं नाकही दिसत नाही, पण माणूस भला आहे.

येऊ नकोस.

ताई


शुक्रवार

ठिणगे,

तुझं उत्तर आलं. आपल्या दुकानाच्या पत्त्यावर.

दादाने ते गल्ल्याजवळ उभं राहून मोठ्याने वाचलं. "ताई, दादा स्वतः फोनवर रडला. मी त्याचं रडणं कधी ऐकलं नव्हतं. तू कोट आणि चिठ्ठी असलं काहीबाही लिहितेस, तुला आमचं येणं नको आहे म्हणून. तीन वर्षांत तू एकदा तरी मला भेटायला आलीस का? आम्ही रविवारी येणार." अक्षर तुझंच. अजून 'र' काढताना तू तशीच कंटाळतेस.

वाचून झाल्यावर त्याने पत्राची नीट घडी केली आणि मला वरच्या इस्त्रीच्या खोलीत नेलं. खाली गिऱ्हाइकं होती. मी पुतळ्याचा झगा आवळत होते, त्यामुळे तोंडात टाचण्या होत्या. त्याने माझा डावा हात टेबलावर पसरला, जसा आपण कापड पसरतो तसा, सुरकुत्या काढून. आणि इस्त्री ठेवली. ठिणगे, मला ओरडता आलं नाही. ओरडले असते तर टाचण्या घशात गेल्या असत्या. वास आला, आधी वाटलं कापड जळतंय. त्याने इस्त्री उचलली तेव्हा कातडी तिच्यासोबत गेली. मग त्यानेच माझ्या तोंडातून एकेक टाचणी काढून उशीला लावली आणि म्हणाला, "उजवा हात ठेवलाय. काच कोण सजवणार?"

याच माणसाने मला सुईत दोरा ओवायला शिकवलं होतं. आईबाबा गेले तेव्हा तू एवढीशी होतीस आणि तुला झोप यावी म्हणून तो दुकानातली सगळी रिळं घरंगळवत बसायचा. तू त्या रिळांच्या आवाजावर विश्वास ठेवते आहेस, मला कळतं. मीही पुष्कळ वर्षं ठेवला. बाहेरच्या गिऱ्हाइकाला तर तो देवमाणूस वाटतो.

तुला भेटायला आले नाही म्हणतेस. मला दुकान आणि घर यांच्या मधला रस्तासुद्धा दादा एकटीने चालू देत नाही गं. असो. भांडण नंतर. आता तू येणारच आहेस, तर मी सांगते तेवढं कर. मी तुझ्याहून मोठी आहे आणि आत्ता मला ठणकतंय, तेव्हा उलट उत्तर देऊ नकोस.

सकाळी बाजार बघ. सगळं बघ, बटणला दाखव. आरशांपुढे उभी राहून हस. दुकानाच्या दारात आलीस की कोट नको म्हण. पायात चप्पल लागते, पोट दुखतंय, काहीही सांग, पण मास्तरांच्या अंगात तो कोट जाऊ देऊ नकोस. गेलाच, तर ते उजेडात जाणार नाहीत असं बघ. आणि तेही जमलं नाही, तर मास्तरांना एकच सांगून ठेव. ठोके पडले की पळायचं नाही. जिथे आहेत तिथे दोन्ही हात खाली सोडून उभं राहायचं. बाजार पळणाऱ्याला पकडतो. हे मास्तरांना ठाऊक आहे, पण जिवाची भीती वाटली की ठाऊक असलेलं पायांना कळत नाही. तू बजावून सांग.

मला दादाने सांगितलं आहे, रविवारी काचेत राहायचं. "पुतळ्यासारखी उभी राहा. हललीस तर दुसरा हात." काचेच्या खोलीचं दार बाहेरून लावून घेणार आहे. म्हणजे मी तुला दिसेन, पण तुझ्यापर्यंत पोचू शकणार नाही.

दादाने आज त्याचा स्वतःचा कोट माझ्याकडे इस्त्रीला टाकला. भाजल्या हाताने इस्त्री कर म्हणाला. दोन्ही कोट आता माझ्यापुढे एकाच दांडीवर टांगलेले आहेत. रंगात तर सोडच, बेतातही फरक कळत नाही.

जमलं तर अजूनही येऊ नकोस.

ताई


गुरुवार, त्यानंतरच्या आठवड्यातला

ठिणगे,

तुझी ओळ मिळाली. "तू हाक मारली असतीस तर दादा वाचला असता." खाली सही नाही. पण 'र' तुझेच.

तू खेळण्यांच्या दुकानाच्या दुसऱ्या मजल्यावर होतीस. बटण काचेला नाक लावून उभी होती, मला दिसत होतं. तुला वरून मी नुसती पुतळ्यासारखी उभी दिसले असेन, चेहरा कळला नसेल. तुला वाटतं बाजारात खरोखरच कुणी चोर आला होता, दादा त्याला पकडायला धावला आणि घोळात स्वतःच सापडला. पोलिसांनीही तेच लिहून घेतलं. मी तेच सांगितलं. पण तुला मी खोटं सांगणार नाही. एकदा दादाने सांगितलेलं खोटं लिहिलं तेवढं पुरे झालं.

तुम्ही आलात तेव्हा मी आत बंद होते. दादाने तुला मिठी मारली. तू रडलीस. बटणला त्याने खांद्यावर घेतलं. दुकानाच्या बाजूच्या काचेतूनही आवाज येत नाही, त्यामुळे मला सगळं नुसतं दिसत होतं, आणि नुसतं दिसणारं इतकं गोड होतं की क्षणभर मलाच माझी लाज वाटली. माझा डावा हात त्याने झग्याच्या घोळात लपवायला सांगितला होता. तू माझ्याकडे बघून हात हलवलास. मी पापणीसुद्धा हलवली नाही.

मग तू बटणला घेऊन समोर गेलीस. सगळं पत्रात लिहिल्याप्रमाणे. कोट नको म्हणाली होतीस का गं? म्हणाली असशील. दादाने ऐकलं नसेल.

त्याने स्वतः कोट धरला, मास्तरांनी हात घातले. दादाने कॉलर सारखी करताना मागे हात फिरवला. तिथे आपल्या चिठ्ठीचा लाल दोरा त्याच्या बोटांना लागला. त्याचं समाधान झालेलं मी बघितलं. त्याने मास्तरांच्या पाठीवर थाप मारून त्यांना दाराबाहेर पाठवलं. मास्तर चार पावलं गेले आणि बाही उजेडाकडे धरून रंग बघू लागले. खरोखर बघत होते. किती साधा माणूस आहे तुझा.

दादाने आकडा घेतला आणि शटरवर ठोके दिले. तीन. काचेतूनही ते पायाला जाणवतात. सगळ्या रस्त्याची शटरं खाली आली, कमरेपर्यंत. तुझा दुसरा मजलाही थरथरला असेल.

आता नीट वाच. दादाने ठोके दिले आणि आकडा पायरीवर टाकून दिला. हात स्वच्छ ठेवायचे होते ना. त्याला मारायचं नव्हतं, बाजाराने मारायला हवं होतं. म्हणून तो रिकाम्या हातांनी दारातून धावत बाहेर आला, मास्तरांकडे बोट करून ओरडत. काय ओरडला ते मला ऐकू आलं नाही. पण मी या बाजारात इतकी वर्षं उभी आहे ठिणगे, आणि आजवर पकडलेला प्रत्येक चोर दुसऱ्याकडे बोट करूनच धावलेला आहे.

मास्तर हलले नाहीत. दोन्ही हात खाली सोडून उभे राहिले, चेहरा पांढराफटक, पण उभे. तू बजावलं होतंस. शहाणी माझी पोर.

दादा पळत होता. अंगात त्याचा नवाकोरा कोट, आणि पाठीवर कॉलरखालून बाहेर आलेली किमतीची चिठ्ठी फडफडत होती.

छत्रीवाले काका सगळ्यांत जवळ होते. त्यांचा आकडा पहिला लागला. चाळिशी नंतर त्यांच्या खिशात सापडली. ती त्यांनी कधी काढली, ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारणार नाही. दादा उताणा पडला. मग बाकीचे आले. तुला वरून गर्दी दिसली असेल. मला माणसं दिसली. लोखंडी काठ्या वर जात होत्या आणि खाली येत होत्या. त्याचा गुडघा उलटा वाकला. कुणीतरी बुटाच्या टाचेने त्याच्या हातावर उडी मारली, ज्या हाताने इस्त्री धरली होती त्याच हातावर. मी हे बघितलं आणि मला बरं वाटलं. हे मी लपवत नाही. मग बरं वाटणं संपलं, पण मार संपला नाही.

तो रांगत काचेपाशी आला. त्याचं तोंड माझ्या गुडघ्यांच्या पातळीला होतं. एक डोळा बंद झाला होता, दुसऱ्याने तो मला बघत होता. त्याने काचेवर हात मारला. आवाज आला नाही पण ओठ मला कळले, मी लहानपणापासून ते ओठ वाचते आहे. "मने. सांग ना यांना. मी कोण ते सांग."

तू म्हणतेस हाक मारायची. हाक ऐकू गेली नसती. पण काचेवर मूठ आपटली असती, हात हलवला असता, त्याच्याकडे बोट दाखवलं असतं, तरी पुढची माणसं थांबली असती. या रस्त्यावरचा प्रत्येक जण मला ओळखतो. काचेतला पुतळा हलला असता तर सगळा बाजार चमकून थांबला असता. दादाला हे कळत होतं, म्हणून तर तो माझ्याकडे आला. मी थांबवू शकत होते.

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. मी मुद्दाम ठेवल्या होत्या. एक जिभेत गेली होती, रक्ताची चव लागत होती. मी मास्तरांकडे बघितलं. ते अजून हात खाली सोडून उभे होते. मी बोट दाखवलं असतं तर दादा उठला असता, आणि उठून त्याने दाखवलं असतं. पुतळ्यासारखी उभी राहा म्हणाला होता. राहिले.

शेवटी कुणीतरी त्याला केसांना धरून उलटं केलं आणि हात थांबले. एवढं काचेतूनही कळलं, कुणीतरी "अरे, हे तर शेठ" असं म्हणालं असणार, कारण सगळ्यांनी आपापले आकडे पाठीमागे लपवले. मग एकेक करत सगळे आत गेले आणि शटरं वर गेली. मास्तर धावत खेळण्यांच्या दुकानात शिरले, तुला आणि बटणला घेऊन मागच्या दाराने निघून गेले. अंगावरचा कोट तसाच. मला दार उघडायला कुणी आलं नाही. पोलीस येईपर्यंत मी आणि दादा काचेच्या दोन बाजूंना होतो. डाग बाहेरून होते, आतून पुसता येत नव्हते.

साहेबांनी विचारलं, चिठ्ठी शेठच्या कोटावर कशी? मी म्हटलं, दोन्ही कोट सारखे, दुकानातले दिवे असे, चूक झाली असेल. त्यांनी मान डोलावली. त्यांच्या स्वतःच्या पँटचीही आमच्याकडे एकदा अदलाबदल झाली होती.

तुला सांगते. शुक्रवारी रात्रीच मी मास्तरांच्या कोटाची चिठ्ठी कापली. दोरा तसाच ठेवला, दादाच्या बोटांना लागावा म्हणून. चिठ्ठी दादाच्या कोटाला लावली, कॉलरच्या आत, टाचणी उभी घालून. अशी लावली की माणूस चालला तर चिठ्ठी आतच राहते. पळाला तरच बाहेर येते. मी स्वतःला सांगितलं, तो चालत बाहेर आला तर काही होणार नाही. त्याने आकडा हातात ठेवला तरी काही होणार नाही. त्याने ठोकेच दिले नाहीत, तुला बघून खरंच विरघळला, तर चिठ्ठी मी सोमवारी गुपचूप काढून टाकीन. सगळं त्याच्यावर सोडलं होतं. मी त्याला तीन वेळा वाचायची संधी दिली असं मी दिवसभर म्हणत असते. रात्री मला ते पटत नाही. रात्री रिळं घरंगळल्याचा आवाज येतो.

तुला माझं तोंड बघायचं नसेल तर मी समजू शकते. मी रडले नाही अजून, त्याचीच मला जास्त भीती वाटते. काच आता दुसरी कुणीतरी सजवते. माझा डावा हात मिटत नाही.

पण मी सगळं रचून लिहिते, दादा निर्दोष होता, हे मात्र म्हणू नकोस. मला म्हणायचं ते म्हण, त्याला निर्दोष म्हणू नकोस, नाहीतर मास्तर ज्या जागी उभे होते ती जागा तुला कधीच दिसणार नाही. तो कोट तुमच्या घरात असेल. मास्तर चांगलं कापड टाकून देणाऱ्यांतले नव्हेत. तो घे आणि दारापुढे जा. घरातल्या दिव्याखाली नको, उजेडात. कॉलर उलटून मागे बघ. तिथे एक कापलेला लाल दोरा असेल. तो आपल्या दुकानात फक्त विकायच्या मालाला बांधतात. भेटीच्या कपड्याला कधीच नाही.

ताई